समृद्धीची दारे कोणासाठी?

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि नागपूर व मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग पूर्णत्वास गेला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला होता. त्यानंतर मे २०२३ मध्ये शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरांचा आणि मार्च २०२४ मध्ये भरवीर ते इगतपुरी हा २५ किलोमीटरांचा टप्पा खुला झाला. पूर्वी सुमारे सोळा तास घेणारा प्रवास आता आठ तासांत होतो, असे शासन सांगते. सहा पदरी रस्ता, बहुतांश भागात १२० मीटर रुंदीचा पट्टा, इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा, हे सर्व पाहिले की स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने हे काम असामान्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि रस्ता किती उत्तम बांधला गेला, हा एक प्रश्न. आणि तो कोणाच्या उपयोगी पडतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांनी दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. किंबहुना तो प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारलाही गेलेला नाही. आठ तासांत मुंबई गाठता येते, याचा आनंद नागपूरच्या नागरिकाला होणे स्वाभाविक आहे. परंतु हा रस्ता ज्या दहा जिल्ह्यांतून, २६ तालुक्यांतून आणि ३९२ गावांच्या शिवारांतून जातो, त्या मधल्या प्रदेशाच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मांडल्यावाचून या प्रचंड सार्वजनिक खर्चाचे मूल्यमापन पूर्ण होऊ शकत नाही.

या हिशेबातील दोनच आकडे प्रथम शेजारी ठेवून पाहावेत. जमिनी गेल्या त्या ३९२ गावांच्या. रस्त्यावर चढण्याउतरण्याची सोय, म्हणजे ज्याला इंटरचेंज म्हणतात ती, आहे जेमतेम पंचवीसच्या आसपास ठिकाणी. सरासरीने २५ ते ३० किलोमीटरांमागे एक. उरलेल्या सर्व गावांच्या दृष्टीने हा रस्ता म्हणजे शिवारातून गेलेली एक लांबलचक भिंत आहे. रस्ता दिसतो, ऐकू येतो, पण त्यावर पाऊल ठेवता येत नाही.

फाटा गेला, इंटरचेंज आला

मराठी मुलखाच्या अर्थजीवनात ‘फाटा’ या शब्दाला फार मोठे स्थान आहे. मोठ्या रस्त्यावरून एखाद्या गावाकडे वाट फुटते, तेथे प्रथम एखादे चहाचे दुकान उभे राहते, मग सायकल-मोटारसायकल दुरुस्तीची टपरी, मग खताबियाण्यांचे दुकान, मग एस.टी.चा थांबा. दहा-वीस वर्षांत त्या फाट्यावर मूळ गावापेक्षा मोठी बाजारपेठ वसते. कोणत्याही नियोजन मंडळाने हे फाटे आखलेले नाहीत. वाहतूक मंदावते तेथे ग्राहक थांबतो आणि ग्राहक थांबतो तेथे व्यापार रुजतो, या साध्या नियमाने ते वाढले. अमरावती, मेहकर, जालना या बाजूने मुंबईकडे जाणारे जुने रस्ते अशा शेकडो फाट्यांनी गजबजलेले आहेत.

नियंत्रित प्रवेशाच्या महामार्गाला हा नियम लागू पडत नाही. वाहन थांबू नये, वळू नये, मंदावू नये, याच हेतूने तो बांधलेला असतो. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची अनुमती आहे. दुचाकी, तीनचाकी आणि मंद गतीची वाहने यांना प्रवेश नाही. याचा अर्थ असा की, ज्या शेतकऱ्याची जमीन या रस्त्याखाली गेली, त्याच्याकडे जी वाहने असण्याचा संभव आहे, म्हणजे मोटारसायकल, ट्रॅक्टर, बैलगाडी, त्यांपैकी एकही या रस्त्यावर चालत नाही. त्याने रस्ता ओलांडायचा तो खालच्या भुयारी मार्गाने. रस्ता वापरायचा तो दुसऱ्याच्या मोटारीत किंवा मालमोटारीत बसून.

इंटरचेंजचे स्थानही ध्यानात घेण्याजोगे आहे. दार शहराच्या नावाचे असले तरी ते शहरात नसते. जालन्याचे दार निधोना येथे आहे, वैजापूरचे जांबरगाव येथे, शिर्डीचे कोकमठाण येथे, सिन्नरचे गोंदे येथे. तालुक्याचे गाव आणि महामार्गाचे दार यांच्यामध्ये काही किलोमीटरांचा रस्ता आहे आणि तो महामार्गाच्या मानाने पुष्कळ अरुंद, पुष्कळ जुना आणि निराळ्या यंत्रणेच्या अखत्यारीतला असू शकतो. कोट्यवधींचा महामार्ग आणि मधल्या गावांचा बाजार यांचा संबंध या चार-दोन किलोमीटरांवर अवलंबून आहे. नेमका हाच तुकडा कोणाच्याही अभिमानाचा विषय नाही.

वऱ्हाडातील रेल्वेचा धडा

वाहतुकीचे नवे साधन येते तेव्हा कोणती गावे वाढतात आणि कोणती मागे पडतात, हे जाणून घेण्यासाठी परदेशांतील उदाहरणे धुंडाळण्याचे प्रयोजन नाही. याच प्रदेशाने हा अनुभव दीडशे वर्षांपूर्वी घेतलेला आहे. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला जी अभूतपूर्व मागणी आली होती, तिचा हा काळ. मुख्य मार्ग मात्र अमरावतीला टाळून बडनेऱ्यावरून गेला. खामगावला टाळून जलंबवरून गेला. ही दोन्ही कापसाची मोठी केंद्रे होती. तेव्हाच्या सरकारला कापूस हवा होता. त्यामुळे मुख्य मार्गापासून बाजारापर्यंतचे अंतर तसेच ठेवणे परवडणारे नव्हते. जलंब ते खामगाव आणि बडनेरा ते अमरावती असे छोटे शाखामार्ग मुद्दाम बांधले गेले. त्यांपैकी खामगावचा मार्ग १८७० मध्येच सुरू झाला.

हा निर्णय लोककल्याणाच्या भावनेतून झालेला नव्हता, हे उघड आहे. तथापि त्यामागील आर्थिक जाण पक्की होती. मुख्य मार्ग कितीही वेगवान असला तरी बाजार त्याला जोडला गेला नाही तर माल येत नाही, हे त्या राज्यकर्त्यांना कळले होते. ज्या गावांना असा जोड मिळाला ती वाढली. धामणगावचे उदाहरण तर बोलके आहे. दत्तापूरजवळ स्टेशन झाले, यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी तेथे येऊ लागला आणि त्यातून जे गाव वाढले त्याच्या नावालाच ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा चिकटला. आज त्याच धामणगाव रेल्वेच्या परिसरात समृद्धी महामार्गाचेही एक दार आहे. स्टेशनाने जे घडविले ते इंटरचेंज घडवील काय, हा प्रश्न तेथे अगदी मूर्त स्वरूपात उभा आहे.

दोहोंतील एक फरक मात्र विसरता कामा नये. रेल्वेच्या स्टेशनावर गाडी थांबते. हमाल, अडत्या, टांगेवाला, खाणावळ, जिनिंग कारखाना यांची एक साखळी त्या थांबण्याभोवती तयार होते. इंटरचेंजवर कोणीही थांबत नाही. तेथे फक्त पथकर भरून वाहन पुढे जाते. म्हणून स्टेशनाभोवती गाव आपोआप वाढले तसे इंटरचेंजभोवती आपोआप वाढेल, हे गृहीतच चुकीचे आहे. तेथे थांबण्याचे कारण निर्माण करावे लागते, आणि ते काम बाजाराच्या अदृश्य हातावर सोपवून भागत नाही.

कारंजाची कसोटी

या प्रश्नाची खरी कसोटी पाहावयाची असेल तर वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड या गावाकडे पाहावे. कृषिपणनाच्या पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांना शिकविले जाते की, भारतातील पहिला नियमित कापूस बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानुसार कारंजा येथे स्थापन झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा जो कायदा झाला, तो देशातील नंतरच्या बाजार समिती कायद्यांचा पूर्वज मानला जातो. वजनमापात होणारी फसवणूक आणि मनमानी कपात यांपासून शेतकऱ्याला संरक्षण देण्याची कल्पना देशात प्रथम जेथे रुजली, ते हे गाव.

विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे कारंजावरून गेली. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ही गाडी कापसासाठीच अवतरली होती. कालांतराने मालाची वाहतूक मालमोटारींकडे गेली, मार्ग जीर्ण झाला आणि आता ती गाडी बंद आहे. म्हणजे वाहतुकीचे एक साधन आले, त्याने गावाला काही काळ हात दिला आणि ते निघून गेले. वाशीम जिल्ह्याची नोंद २०१८ मध्ये नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत झाली. शासकीय भाषेतील या सौम्य शब्दाचा अर्थ मागासलेला असाच आहे.

आता याच जिल्ह्याला कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव अशी समृद्धी महामार्गाची दारे मिळाली आहेत. भौगोलिकदृष्ट्या पाहिले तर वाशीम जिल्हा आज मुंबईच्या जितका जवळ आला आहे तितका यापूर्वी कधीही नव्हता. परंतु अर्थशास्त्रात जवळीक ही किलोमीटरांत किंवा तासांतही मोजली जात नाही. ती खर्चात आणि सौदाशक्तीत मोजली जाते. कारंजाच्या शेतकऱ्याचा सोयाबीन किंवा तूर पूर्वी ज्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जात होती त्याच काट्यावर आजही जाणार असेल, साठवणुकीची सोय नसल्यामुळे सुगीच्या आठवड्यातच विकावी लागणार असेल, तर वाहतुकीत वाचलेला वेळ आणि इंधन यांचा लाभ मालमोटारीच्या मालकाला मिळेल, व्यापाऱ्याला मिळेल, कदाचित मुंबईच्या ग्राहकाला मिळेल. उत्पादकाला मिळेलच असे नाही. वाहतूकखर्चात झालेली बचत कोणाच्या पदरी पडते, हे साखळीतील कोणाला थांबणे परवडते यावर ठरते. ज्याला थांबणे परवडत नाही त्याच्यापर्यंत बचत पोचत नाही.

शिवाय रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो, हे सत्य समारंभांच्या भाषणांत नेहमी गाळले जाते. वऱ्हाडच्या रेल्वेने कापूस बाहेर नेला आणि परतीच्या फेरीत गिरणीचे कापड आणले. गावोगावच्या विणकरांना त्याची किंमत मोजावी लागली. मेहकर किंवा सिंदखेड राजा येथील छोटा उत्पादक, बेकरीवाला, लाकूडकाम करणारा सुतार, कपडे शिवणारा कारागीर, यांच्या दाराशी आता महानगरांतील स्वस्त माल पूर्वीपेक्षा लवकर पोचणार आहे. ही स्पर्धा अनिष्टच असते असे नव्हे; पण तिला तोंड देण्याची तयारी नसलेल्या गावांना महामार्ग समृद्ध करण्याऐवजी रिकामे करू शकतो. वेगवान रस्त्याने प्रथम बाहेर पडतात ते तरुण आणि भांडवल. ते परत येतील असे काही गावात असले, तरच रस्ता गावाचा होतो.

अंतर कशाने मोजावे?

या संदर्भात एका जुन्या दस्तऐवजाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. १९४३ च्या डिसेंबरमध्ये देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने भारतातील रस्त्यांचा पहिला सुसूत्र आराखडा तयार केला. ही परिषद नागपूर येथेच भरली होती. म्हणून तो आराखडा ‘नागपूर योजना’ या नावाने ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही आजही वापरात असलेली वर्गवारी तिच्यातूनच आली. परंतु त्या योजनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वर्गवारी नव्हे. ती म्हणजे तिने स्वीकारलेली कसोटी. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा अधिक दूर राहू नये, अशी ती कसोटी होती.

या दोन दृष्टिकोनांतील अंतर विचार करावयास लावणारे आहे. परतंत्र भारतातील अभियंते रस्त्याचे यश खेड्यापासून मोजू पाहत होते. स्वतंत्र भारतात, त्याच नागपूरहून निघालेल्या महामार्गाचे यश आपण दोन टोकांच्या महानगरांमधील तासांत मोजतो. एकदा मोजमाप बदलले की ध्येय बदलते आणि ध्येय बदलले की खर्चाचा अग्रक्रमही बदलतो. सोळाचे आठ तास करण्यासाठी पन्नास हजार कोटींहून अधिक रुपये उभे राहू शकतात. इंटरचेंजपासून तालुक्याच्या बाजारापर्यंतचा रस्ता धड करण्यासाठी जिल्हा परिषदेला मात्र वर्षानुवर्षे निधीची वाट पाहावी लागते. ही विसंगती कोणा एका पक्षाची किंवा सरकारची नाही. ती आपल्या विकासकल्पनेतच मुरलेली आहे.

महाराष्ट्राला प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न नवा नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये आपल्या अहवालात राज्यातील अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा असल्याचे दाखवून दिले आणि त्यात विदर्भ व मराठवाडा यांचा वाटा मोठा होता. रस्त्यांचाही त्यात समावेश होता. त्या समितीचे गुणदोष काहीही असोत. तिने एक शिस्त घालून दिली. राज्याची सरासरी काढून समाधान मानू नका, जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करा, असे तिचे सांगणे होते. समृद्धी महामार्गाने विदर्भाचा अनुशेष भरून निघाला असे आज कोणी म्हणू लागला, तर त्याला विचारले पाहिजे की, कोणत्या तालुक्याचा?

नवनगरांचे स्वप्न आणि जमिनीचे मोल

हा प्रश्न शासनाच्या ध्यानात आलाच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ योजनेत इंटरचेंजच्या आसपास कृषी समृद्धी केंद्रे, म्हणजेच नवनगरे, वसविण्याची कल्पना होती. तेथे गोदामे, शीतगृहे, प्रक्रिया उद्योग, शाळा, दवाखाने यावेत, आणि ज्यांनी जमीन दिली त्यांना त्या नगरांत विकसित भूखंड मिळून ते भागीदार व्हावेत, असा विचार २०१६ मध्ये मांडला गेला. शेतकऱ्यांचा विश्वास बसला नाही. अनेक ठिकाणी विरोध झाला आणि २०१७ पासून निर्धारित मूल्याच्या पाचपट मोबदला देऊन थेट खरेदीचा मार्ग अवलंबिला गेला. जमीन मिळाली, रस्ता झाला; परंतु नवनगरांची वस्ती काही उभी राहिली नाही.

पाचपट मोबदला ही रक्कम लहान नव्हे. ज्यांनी तिच्यातून दुसरीकडे जमीन घेतली, मुलांचे शिक्षण केले, कर्ज फेडले, त्यांचे भले झाले. परंतु मोबदला सातबाऱ्यावरील नावाला मिळतो. त्या रानात राबणाऱ्या मजुराच्या हाताला नव्हे. तसेच मोबदला हा एकदाच मिळतो, तर दारालगतच्या जमिनीचे मोल वर्षानुवर्षे वाढत राहते. ही वाढ कोणाच्या श्रमाने झालेली नसते. ती सार्वजनिक खर्चामुळे झालेली असते. अर्थशास्त्रात तिला अनर्जित वाढ म्हणतात आणि तिच्यावर समाजाचा हक्क असतो, हे तत्त्व मान्य होऊन शतक लोटले आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात सुधार आकाराची तरतूद होती ती याच तत्त्वावर. असे असता इंटरचेंजच्या परिसरातील वाढीव मूल्य केवळ दूरदृष्टीने आधी जमीन घेऊन ठेवणाऱ्यांच्या खिशात जावे आणि शेजारच्या ग्रामपंचायतीला शाळेच्या छपरासाठी अर्ज करावा लागावा, हे नुसते अन्याय्य नव्हे, तर अकारण आहे.

कुंपण हवे, पण दार उघडे हवे

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. द्रुतगती महामार्ग हा दूरच्या वाहतुकीसाठी असतो. त्यावर गावोगावी चढण्याउतरण्याची सोय करू लागलो, दुचाकींना व ट्रॅक्टरांना मोकळीक दिली, कुंपण तोडून जागोजाग वाटा काढल्या, तर तो महामार्ग राहणार नाही आणि अपघातांना आमंत्रण मिळेल. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बसला लागलेल्या आगीत २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या रात्री वैजापूरजवळ झालेल्या अपघाताने आणखी बारा जणांचे प्राण घेतले. बांधकाम चालू असताना, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात गर्डर बसविणारे यंत्र कोसळून २० कामगारांचा बळी गेला होता. अशा रस्त्यावर वेगाशी खेळ करता येत नाही.

म्हणून मागणी कुंपण तोडण्याची नाही. जी दारे आहेत ती खऱ्या अर्थाने उघडी करण्याची आहे. किंबहुना सुरक्षिततेचा विचारही याच दिशेने नेतो. पहिला टप्पा खुला झाला तेव्हा विश्रांतीच्या, खाण्यापिण्याच्या आणि इंधनाच्या सोयी अत्यंत तुटपुंज्या होत्या. मैलोगणती सरळ आणि एकसुरी रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी हे चिंतेचे एक कारण म्हणून वारंवार पुढे आले. चालकाला थांबण्याची गरज आहे आणि गावाला कोणीतरी थांबण्याची गरज आहे. या दोन गरजा एकमेकींच्या पूरक आहेत. विश्रांतिस्थानातील गाळे एखाद्या मोठ्या साखळीला एकगठ्ठा देण्याऐवजी त्यांतील ठरावीक हिस्सा परिसरातील महिला बचत गटांसाठी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी राखून ठेवला, तर जुन्या फाट्यावरचा व्यापार नव्या रस्त्याच्या शिस्तीत बसू शकतो. जालन्याची मोसंबी, लासूरचा कांदा, वऱ्हाडातील डाळ या वस्तू त्याच प्रदेशातून जाणाऱ्या प्रवाशाला त्याच प्रदेशातील माणसाकडून मिळू नयेत, याला काही कारण नाही.

करता येण्याजोगी कामे

याखेरीज आणखी चार गोष्टी विनाविलंब करता येण्याजोग्या आहेत. पहिली, प्रत्येक दारापासून तालुक्याच्या बाजारापर्यंतचा आणि त्या दारावर अवलंबून असलेल्या मोठ्या गावांपर्यंतचा रस्ता हा महामार्गाचाच भाग मानून त्याची जबाबदारी आणि निधी एका यंत्रणेकडे द्यावा. खामगाव आणि अमरावतीच्या शाखामार्गांनी जे काम केले तेच काम हे रस्ते करतील. महामार्गावर झालेल्या एकूण खर्चाच्या मानाने हा खर्च अल्प असेल.

दुसरी, दर दाराशी एस.टी.चा छप्पर असलेला, दिवाबत्ती असलेला थांबा असावा आणि तालुक्याच्या स्थानकाहून तेथपर्यंत ठरलेल्या वेळी गाड्या असाव्यात. नागपूरहून शिर्डीला थेट धावणारी गाडी मेहकरच्या विद्यार्थ्याच्या कामाची नाही. त्याला छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयात किंवा रुग्णालयात जाऊन संध्याकाळी परत येता आले पाहिजे. स्वतःची मोटार नसलेल्या माणसाला महामार्गावर नेणारे एस.टी.इतके हक्काचे दुसरे साधन ग्रामीण महाराष्ट्रात नाही. तिला वगळले तर हा रस्ता मोटारवाल्यांचाच राहील.

तिसरी, प्रत्येक दारालगत बाजार समितीचे उपबाजार, प्रतवारीची सोय, गोदाम आणि शीतगृह उभारावे, आणि गोदामाच्या पावतीवर शेतमाल तारण कर्ज मिळण्याची व्यवस्था तेथेच असावी. शेतकऱ्याला थांबण्याचे सामर्थ्य मिळते ते येथे. नवनगरे जेव्हा वसतील तेव्हा वसोत. गोदामासाठी नगराची वाट पाहण्याचे कारण नाही. १८८६ मध्ये ज्या कारंजाने नियमित बाजाराचा पायंडा पाडला, तेथूनच या कामाचा आरंभ झाला तर ते औचित्याचे होईल.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि म्हणूनच कदाचित सर्वांत अवघड. या महामार्गावर पथकर घेतला जातो तो प्रत्यक्ष कापलेल्या अंतरानुसार. २०२२ मध्ये मोटारीसाठी हा दर किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता. २०२५ मध्ये त्यात वाढ झाली. अंतरानुसार आकारणी करावयाची तर प्रत्येक वाहन कोठे चढले आणि कोठे उतरले याची नोंद ठेवावीच लागते. म्हणजे कोणत्या दाराने किती मालमोटारी आत आल्या, किती बाहेर पडल्या, किती वाहने मधल्या एकाही दाराला न थांबता टोकापासून टोकापर्यंत गेली, ही सर्व माहिती रोज आपोआप जमा होत असते. ती दर वर्षी दारनिहाय प्रसिद्ध करावी. जे दार सुस्त पडले असेल तेथे काय कमी आहे, याचा शोध घेता येईल. पथकराच्या उत्पन्नातील एक छोटासा, पण निश्चित हिस्सा त्या ३९२ गावांच्या ग्रामपंचायतींकडे वळविण्याचाही विचार या आकड्यांच्या आधारे करता येईल. अनुशेषाची चर्चा भावनेने पुष्कळ झाली. येथे ती नोंदींवरून करण्याची संधी आहे.

हे सारे आज बोलण्याला आणखी एक निकडीचे कारण आहे. नागपूर ते गोवा असा सुमारे ८०० किलोमीटरांचा शक्तिपीठ महामार्ग बारा जिल्ह्यांतून नेण्याची योजना आखली गेली आहे. २०२४ मध्ये कोल्हापूर आणि परिसरातील शेतकऱ्यांनी तिला कडवा विरोध केला. त्या विरोधात राजकारण असेल. परंतु त्याच्या मुळाशी एक साधा हिशेब आहे. आपली बागायती जमीन कायमची जाते आणि बदल्यात शिवारात कुंपण येते, असे शेतकऱ्याला दिसत असेल तर तो राजी का व्हावा? त्याची समजूत भाषणांनी पटणार नाही. समृद्धी महामार्गावरील एखादे दार दाखवून, येथे रस्ता आला आणि या तालुक्याचे हे हे बदलले, असे शासनाला सांगता आले पाहिजे. आज तसे एखादे दार आकडेवारीनिशी दाखविता येत नसेल, तर पुढच्या महामार्गाचा आग्रह धरण्यापूर्वी या महामार्गाचे काम पुरे करणे, हेच शहाणपणाचे ठरेल.

डांबर, सिमेंट आणि पोलाद यांचे काम २०२५ मध्ये संपले. तालुक्यांचे काम अजून सुरू व्हायचे आहे. समृद्धी हा शब्द रस्त्याच्या नावात घालणे सोपे होते. निधोन्याच्या, जांबरगावच्या आणि शेलूबाजारच्या दारातून ती किती आत शिरली, याचे उत्तर मात्र पथकर नाक्यांच्या नोंदवह्यांत आणि बाजार समित्यांच्या काट्यांवरच शोधावे लागेल.